ॲम्प्लिफायर आपोआप का गातो? फीडबॅक, फेज आणि दहा मीटरची केबल

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय अनेक श्रोत्यांनी सुचवलेला आहे, आणि मी स्वतः बरेच दिवस टाळत होतो. कारण त्यात माझी एक फजिती आहे. पण ती सांगितल्याशिवाय विषय नीट कळणार नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

एका यंत्राच्या कंपनांचं मोजमाप करायचं होतं. सेन्सर यंत्रावर आणि नोंद करणारी पेटी दहा मीटर लांब. मध्ये एक ऑप-अँप, बफर म्हणून जोडलेला. बफर म्हणजे गेन फक्त एक. आत जेवढं व्होल्टेज, बाहेर तेवढंच. यापेक्षा सोपं सर्किट नसतंच. घरी टेबलावर ते व्यवस्थित चाललं. जागेवर नेलं, दहा मीटरची कोॲक्स केबल जोडली, आणि आकडे वेडेवाकडे यायला लागले. यंत्र बंद, सिग्नल शून्य, तरी मल्टिमीटरवर तीनशे मिलिव्होल्ट. आयसीला बोट लावलं तर चांगलीच गरम.

मी काय केलं असेल? आयसी बदलली. पुन्हा तेच. परत बदलली. तिसरीही तशीच. मग मी तापकीर गल्लीत ज्या दुकानातून घेतल्या होत्या तिथे गेलो आणि जरा वरच्या आवाजातच म्हणालो, "काका, माल नकली आहे तुमचा." त्यांनी शांतपणे विचारलं, "तिन्ही एकाच तऱ्हेने बिघडल्या? आणि केबल काढून बघितलंत का?" मी बघितलं नव्हतं. आणि मला तो प्रश्न अपमानास्पद वाटला. केबलचा काय संबंध? केबल म्हणजे नुसती तार!

आजचा सगळा भाग म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी एक मूलभूत गोष्ट. फीडबॅक लावतातच कशाला?

गोष्ट १९२७ सालची. अमेरिकेत लांब पल्ल्याचे टेलिफोन सुरू झाले होते. तारेत आवाज क्षीण होतो, म्हणून ठरावीक अंतरावर ॲम्प्लिफायर बसवायचे. पण व्हॅक्यूम ट्यूबचा प्रत्येक ॲम्प्लिफायर आवाज थोडासा विकृत करायचा. एक-दोन असते तर चाललं असतं. पण ते एकामागून एक लावले की ती विकृती साठत जाते आणि दुसऱ्या टोकाला बोलणं कळेनासं होतं. बेल लॅब्जमधले हॅरॉल्ड ब्लॅक या प्रश्नावर कित्येक वर्षं डोकं फोडत होते. २ ऑगस्ट १९२७ ला सकाळी ते हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून कामावर निघाले होते. तिथे कल्पना सुचली. हातात न्यूयॉर्क टाइम्सचा अंक होता, त्याच्याच एका पानावर त्यांनी आकृती आणि समीकरणं लिहून काढली.

कल्पना अशी. ॲम्प्लिफायरचा गेन मुद्दाम गरजेपेक्षा खूप जास्त ठेवायचा. मग आउटपुटचा एक छोटा हिस्सा मागे आणून इनपुटमधून वजा करायचा. उरलेला फरक तेवढा मोठा करायचा. गेन वाया जातो, पण बदल्यात अचूकपणा मिळतो.

आकड्यांत बघा. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा गेन एक लाख. आउटपुटचा दहावा हिस्सा मागे आणला. तर एकूण गेन येतो ९.९९९. आता आयसी बदलली किंवा तापमान बदललं, आणि तो एक लाखाचा गेन निम्मा झाला, पन्नास हजार. एकूण गेन किती झाला? ९.९९८. म्हणजे आतला गेन अर्धा झाला आणि बाहेर फरक पडला एक शतांश टक्का. पुढे सगळं दोन रेझिस्टरच्या गुणोत्तरावर ठरतं, आणि रेझिस्टर स्वस्तही असतात, इमानीही.

ब्लॅक यांनी १९२८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि ते मिळालं १९३७ च्या डिसेंबरात. नऊ वर्षांहून जास्त. कारण त्या काळच्या जाणकारांना हे पटतच नव्हतं. त्यांचा अनुभव असा होता की आउटपुट मागे आणलं की सर्किट शिट्टी मारतं. सभागृहात माइक स्पीकरच्या समोर आला की कुईऽऽ होतं ना, तसंच. आणि मंडळी, ते जाणकार मूर्ख नव्हते. भीती खरी होती. वजा करण्यासाठी मागे आणलेली गोष्ट काही वेळा बेरीज करायला लागते.

ते कसं होतं? सकाळी गीझरच्या पाण्याने अंघोळ करताना आठवा. गरम आणि थंड असे दोन नळ आणि वर शॉवर. पाणी गार लागलं, तुम्ही गरम नळ वाढवला. पण पाइपातून पाणी यायला पाच सेकंद लागतात. काहीच फरक पडला नाही असं वाटून तुम्ही आणखी वाढवला. पाच सेकंदांनी चटका बसतो. मग घाईघाईने नळ बंद, आणि थोड्या वेळाने बर्फासारखं पाणी. तुमचा प्रत्येक निर्णय बरोबर दिशेचाच होता. गार म्हणून गरम वाढवलं, गरम म्हणून कमी केलं. पण तो पोहोचला उशिरा, आणि पोहोचेपर्यंत परिस्थिती उलटली होती. म्हणून दुरुस्तीच बिघाड ठरली.

यात दोन गोष्टी लागतात हे लक्षात ठेवा. एक म्हणजे उशीर. दुसरी म्हणजे नळ फिरवण्याचा जोर. उशीर तेवढाच असला, पण तुम्ही नळ हळूहळू, थोडाथोडा फिरवला, तर पाणी शेवटी स्थिर होतंच.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये उशिराला आपण फेज म्हणतो आणि तो अंशांत मोजतो. एक पूर्ण आवर्तन म्हणजे ३६० अंश. सिग्नल अर्धं आवर्तन मागे पडला, म्हणजे १८० अंश, की वर असायला हवं तेव्हा तो खाली असतो. म्हणजे वजाबाकीची बेरीज झाली. आणि नेमक्या त्याच फ्रीक्वेन्सीला लूपमधून एक फेरी मारून आलेला सिग्नल निघाला तेवढाच किंवा त्याहून मोठा असेल, तर सर्किटला बाहेरच्या सिग्नलची गरजच उरत नाही. ते स्वतःच गायला लागतं. यालाच ऑसिलेशन म्हणतात.

आता हा उशीर येतो कुठून? प्रत्येक ठिकाणी जिथे रेझिस्टन्स आणि कपॅसिटन्स भेटतात तिथून. एक आरसी जोडी जास्तीत जास्त ९० अंश मागे टाकते, तेही अनंत फ्रीक्वेन्सीला. दोन जोड्या १८० च्या जवळ नेतात, पण पूर्ण पोहोचवत नाहीत. तिसरी आली की मात्र रेषा ओलांडली जाते. पॉलिटेक्निकमध्ये फेज शिफ्ट ऑसिलेटर केला असेल त्यांना आठवेल, तिथे तीन आरसी जोड्या मुद्दाम लावतात. तिन्ही सारख्या आणि एकमेकींवर भार न टाकणाऱ्या असतील तर प्रत्येकीचे ६० अंश, आणि प्रत्येकीत सिग्नल निम्मा. म्हणजे तीन मिळून आठवा हिस्सा. लूपमध्ये आठपट गेन भरून काढला की ऑसिलेटर सुरू. ऑसिलेटर बनवायला आपण जे करतो तेच ॲम्प्लिफायरमध्ये नकळत करून बसतो, एवढाच फरक.

मग सुरक्षित कधी, हे कसं ठरवायचं? १९३२ मध्ये हॅरी नायक्विस्ट यांनी, तेही बेल लॅब्जचेच, याचा गणिती निकष दिला. पुढे हेंड्रिक बोडे यांनी तो कामाच्या टेबलावर वापरता येईल इतका सोपा केला. आपल्याला रोजच्या कामाला एकच प्रश्न पुरतो. लूपचा गेन कमी होत होत बरोबर एकवर येतो, त्या फ्रीक्वेन्सीला फेज किती खर्च झाला आहे? १८० मधून तो खर्च वजा करा. उरलं ते फेज मार्जिन. मार्जिन म्हणजे शिल्लक. शिल्लक शून्यावर आली की सर्किट गायलाच लागतं.

शिल्लक कमी आहे हे डोळ्यांनीही दिसतं. इनपुटला लहानशी चौकोनी लाट द्या आणि स्कोपवर आउटपुट बघा. शिल्लक ६० अंश असेल तर कोपऱ्यावर नऊ-दहा टक्क्यांची छोटी उडी दिसेल आणि लगेच शांत. ४५ अंश असेल तर उडी पाव भागाच्या आसपास. १५-१७ अंश असेल तर उडी साठ टक्क्यांच्या घरात, आणि त्यामागे घंटेसारखी लांबत जाणारी लहर. हे आकडे साध्या दुसऱ्या ऑर्डरच्या लूपचे आहेत, पण अंदाजाला पुरतात.

आता एक गंमत सांगतो, जिथे बहुतेक सगळे फसतात. मीही फसलो. आपल्याला वाटतं, गेन जास्त म्हणजे धोका जास्त. माइकच्या बाबतीत तसंच असतं ना, आवाज वाढवला की शिट्टी. पण ऑप-अँपमध्ये एकूण गेन कमी ठेवायचा तर फीडबॅक जास्त द्यावा लागतो. बफरमध्ये तर सगळंच्या सगळं आउटपुट मागे आणतो. म्हणजे लूपचा गेन सगळ्यात मोठा, आणि तो एकवर येतो फार वरच्या फ्रीक्वेन्सीला, जिथे बारीकसारीक उशीरही महाग पडतात. म्हणून गेन शंभरचं सर्किट शांत बसतं आणि गेन एकचं, ज्याला आपण सगळ्यात निरुपद्रवी समजतो, ते सगळ्यात नाजूक असतं. ऑडिओवाल्या मंडळींना एलएम३८८६ माहीत असेल. तिच्या डेटाशीटमध्येच सांगितलंय की गेन दहा किंवा त्याहून जास्त ठेवा. आवाज कमी हवा म्हणून कोणी तिचा गेन तीनवर आणला, तर ती ऑसिलेट करण्याची शक्यता भरपूर. आवाज कमी करायला पुढे व्हॉल्यूम कंट्रोल लावा, फीडबॅकला हात लावू नका.

हा प्रश्न आयसी बनवणाऱ्यांनाही होताच. १९६५ चा बॉब विडलर यांचा ७०९ वापरायचा तर बाहेरून कपॅसिटर आणि रेझिस्टर लावून फेज सांभाळावा लागायचा. चुकलं की शिट्टी. १९६८ मध्ये डेव्ह फुलागर यांनी ७४१ केला आणि त्यात ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर आतच टाकला. हा कपॅसिटर गेनला फार लवकर, म्हणजे साधारण ५ हर्ट्झपासूनच, उतरणीला लावतो. लूपचा गेन एकवर येईपर्यंत बाकीच्या उशिरांना फार वावच राहत नाही. किंमत म्हणजे वेग. ७४१ ला शंभरचा गेन दिला की बँडविड्थ दहा किलोहर्ट्झच्या आसपास उरते. गीझरच्या भाषेत सांगायचं तर नळ हळू फिरवायची सक्ती. पण त्यामुळे ७४१ कोणीही, काहीही विचार न करता वापरू शकला.

आणि "विचार न करता" हीच माझी चूक होती. आयसी बनवणाऱ्याने आतला हिशेब जुळवून दिलेला असतो. बाहेर मी काय जोडणार आहे हे त्याला माहीत नसतं.

चला, आता माझ्या सर्किटचा जमाखर्च मांडू. ऑप-अँप साधारण ४ मेगाहर्ट्झचा. एकूण जमा १८० अंश. त्यातले ९० तो आतला कपॅसिटर आधीच घेतो, ते धरूनच चालायचं. उरले ९०. ऑप-अँपच्या आतले इतर उशीर ४ मेगाहर्ट्झला आणखी तीसेक अंश खातात. म्हणजे कारखान्यातून निघताना शिल्लक ६०. उत्तम.

पहिला खर्च. मी कुठेतरी वाचून फीडबॅकच्या वाटेत ४.७ किलोओमचा रेझिस्टर टाकला होता. इनपुटच्या पिनची आणि बोर्डाची मिळून कपॅसिटन्स १० पिकोफॅरड धरा. ही झाली एक आरसी जोडी, तिचा कोपरा ३.४ मेगाहर्ट्झला. या एका रेझिस्टरने टेबलावरच शिल्लक ६० वरून २५ अंशांवर आणली होती. म्हणजे घरी "व्यवस्थित चाललं" असं मी म्हणत होतो तेव्हा ते काठावर उभं होतं. मी चौकोनी लाट देऊन बघितलंच नव्हतं, म्हणून दिसलं नाही.

दुसरा खर्च केबल. ५० ओमच्या कोॲक्सची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास असते. दहा मीटर म्हणजे १००० पिकोफॅरड. ऑप-अँपचा आउटपुट रेझिस्टन्स १०० ओम धरला तर कोपरा आला १.६ मेगाहर्ट्झला. आणि ही जोडी फीडबॅकच्या लूपमध्येच बसते, कारण फीडबॅक आपण आउटपुटच्या पिनेवरूनच घेतो.

आता तिन्ही एकत्र. लूपचा गेन एकवर येतो साधारण २ मेगाहर्ट्झला. तिथे केबल खाते ५२ अंश, तो रेझिस्टर ३१ आणि ऑप-अँपच्या आतले उशीर १७. बेरीज शंभर. हातात होते ९०. दहा अंशांची तूट. बस्स, सर्किट २ मेगाहर्ट्झला गायला लागलं.

बाकीची लक्षणंही आता उलगडतात. मल्टिमीटरचा एसी विभाग सहसा ऑडिओच्या फ्रीक्वेन्सीपलीकडे आंधळा असतो, त्याला २ मेगाहर्ट्झ दिसणारच नाही. डीसीवर मात्र ते तीनशे मिलिव्होल्ट दिसत होते, कारण लाट वर आणि खाली सारखी नव्हती आणि तिची सरासरी शून्य येत नव्हती. आयसी तापत होती कारण ती सेकंदाला वीस लाख वेळा ती केबल भरत आणि रिकामी करत होती. आणि तिन्ही आयसी एकाच तऱ्हेने "बिघडल्या" कारण एकीतही बिघाड नव्हता.

इलाज किती रुपयांचा? फीडबॅकमधला ४.७ किलोओम काढला, तिथे नुसती तार टाकली. आणि आउटपुट आणि केबल यांच्यामध्ये १०० ओमचा एक रेझिस्टर बसवला. फीडबॅक पूर्वीसारखाच आयसीच्या पिनेवरून, म्हणजे रेझिस्टरच्या अलीकडून. यामुळे वरच्या फ्रीक्वेन्सीला आयसीला समोर नुसता कपॅसिटर दिसत नाही, १०० ओमचा आधार दिसतो. हिशेब केला तर शिल्लक येते ५५ अंशांच्या आसपास. समोरच्या पेटीचा इनपुट रेझिस्टन्स एक मेगओम असेल तर या १०० ओममुळे होणारी चूक एक शतांश टक्का. काही पैशांचा भाग. आणि मी तीन आयसी, एक दिवस आणि एका माणसाशी असलेला चांगुलपणा घालवला होता.

तर मंडळी, सर्किट असं विचित्र वागायला लागलं की आयसी बदलण्याआधी काय करायचं?

पहिलं, सिग्नल शून्य असताना आयसी गरम आहे का, आणि डीसी व्होल्टेज कारणाशिवाय सरकलंय का, ते बघा. दोन्ही असेल तर ऑसिलेशनचा संशय आधी घ्या.

दुसरं, केबल काढून बघा. भार काढल्यावर बरं वाटलं तर रोग लूपमध्ये आहे.

तिसरं, स्कोप लावताना प्रोब दहापटवर ठेवा. एकपटच्या प्रोबची आणि केबलची कपॅसिटन्स शंभर पिकोफॅरडच्या घरात जाते. बघायला गेलात म्हणूनच ऑसिलेशन सुरू झालं, असंही होतं.

चौथं, सप्लायच्या पिनांना अगदी लागून १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आहे ना ते तपासा. सप्लायची तारही सिग्नल मागे आणणारी वाट होऊ शकते.

पाचवं, फीडबॅकचे रेझिस्टर अवाजवी मोठे ठेवू नका. मोठेच ठेवायचे असतील तर फीडबॅकच्या रेझिस्टरवर काही पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर समांतर लावून बघा. आणि ब्रेडबोर्डवर शेजारच्या दोन पट्ट्यांमध्येही काही पिकोफॅरड असतात हे विसरू नका.

आणि सहावं, "चाललं" यावर समाधान मानू नका. चौकोनी लाट द्या आणि उडी किती येते ते मोजा. चालणारं सर्किट आणि स्थिर सर्किट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चालणारं आज चालतं. उद्या केबल बदलली, उन्हाळा आला, आयसी दुसऱ्या बॅचची आली, की त्याची शिल्लक संपते. ऑडिओ ॲम्प्लिफायरमध्ये तर कानाला काहीच ऐकू येत नाही आणि ट्वीटर जळून जातो.

ब्लॅक यांच्या काळातल्या जाणकारांना फीडबॅकची भीती वाटत होती. आपल्याला अजिबात वाटत नाही, कारण नायक्विस्ट, बोडे आणि त्या ३० पिकोफॅरडने आपल्याला निर्धास्त केलंय. थोडीशी भीती परत आणायला हरकत नाही, असं मला वाटतं.

हो, आणि दुकानातल्या काकांकडे मी परत गेलो. माफी मागितली, आणि शंभर ओमचे रेझिस्टर मागितले. त्यांनी मोजून दिले आणि विचारलं, "केबल होती ना?" म्हटलं, "केबलच होती. आणि एक रेझिस्टर, माझाच."

तुमच्याकडे असं आपोआप गाणारं सर्किट असेल, तर स्कोपचा फोटो आणि केबल किती लांब आहे ते नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.